सात नंबरचं चॅनल

योगेश भिंगारदिवेच्या स्टुडिओत गेलं की तो माणसाला आधी पाणी विचारत नाही, आधी बोर्ड दाखवतो. सावेडीत पाइपलाइन रोडच्या आत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या आहेत. मध्ये जाड काच, काचेपलीकडे गाणाऱ्याची जागा आणि अलीकडे जेवणाच्या टेबलाएवढा चोवीस चॅनलचा जुना विलायती मिक्सिंग बोर्ड. पुण्यातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, तो त्याने टेम्पोत घालून आणला. जिन्यातून जाईना म्हणून बाल्कनीचं ग्रिल कापावं लागलं, आणि उचलणाऱ्या चौघांपैकी एकाच्या कमरेत अशी उसण भरली की तो अजून योगेशला शिव्या घालतो. हे सगळं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकावं लागतं. त्याची बायको रेश्मा खालच्या मजल्यावरून ऐकत असते. ती म्हणते, आमच्या लग्नाची गोष्टसुद्धा हा माणूस इतक्या प्रेमाने सांगत नाही.

आता एका लोखंडी धुडाचं एवढं कौतुक कशाला, असं कुणालाही वाटेल. हल्ली सगळं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्येच होतं. पुस्तकाएवढी एक डबी मिळते; माईक डबीला लावायचा, डबी कॉम्प्युटरला, की झालं काम. नगरातली बाकीची पोरं तेच करतात आणि त्यांचं बरं चाललंय. योगेशचं म्हणणं वेगळं होतं. कॉम्प्युटर फार प्रामाणिक असतो, तो म्हणायचा. त्याला जे द्याल ते तो जसंच्या तसं लिहून ठेवतो, आणि जसंच्या तसं ऐकायला कुणाला हवं असतं? म्हणून त्याच्याकडे प्रत्येक माईक आधी बोर्डात जायचा आणि बोर्डातून मग कॉम्प्युटरमध्ये. बोर्डाच्या पोटातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून जाताना आवाज थोडा दबतो, थोडा भरतो, त्याच्या कडा गोल होतात. लोखंडी कढईत केलेल्या भाजीला कढईचा रंग लागतो ना, तसं. गेनचं बटण जरा जास्त फिरवलं की पातळ आवाज जाड होतो. ट्रेबलचं बटण उतरवलं की वरची खरखर मऊ होते. आणि चोवीसच्या चोवीस चॅनल एकसारखी नसतात. त्याच्या बोर्डाचं सात नंबरचं चॅनल सगळ्यात गोड होतं, आणि ते त्याने एकाच माणसासाठी राखून ठेवलं होतं.

ते माणूस म्हणजे केडगावच्या जयमालाबाई साळवे. वय बासष्ट, अंगाने सडपातळ, कपाळ मोकळं, आणि बोलण्यात असा ठसका की आयोजक लोक त्यांना फोन करायच्या आधी घोटभर पाणी पितात. भीमगीतं आणि बुद्धगीतं गाण्यात त्यांचं नाव जामखेडपासून अकोल्यापर्यंत होतं. चौदा एप्रिलच्या आधी बाईंचं नवं गाणं योगेशच्या स्टुडिओतून निघालं नाही असं गेल्या अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. ते गाणं मग जयंतीच्या मिरवणुकीत चौकाचौकात वाजायचं, आणि लोक म्हणायचे, बाईंच्या आवाजाला वय नाही. यूट्यूबवर गाण्याखाली तेच लिहायचे. बाई चष्मा लावून ते सगळं वाचायच्या, आणि आपण वाचलं हे कुणाला कळू द्यायच्या नाहीत. योगेशही वाचायचा. त्यातलं निम्मं कौतुक आपलं आहे असं त्याला मनातून वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला फार आवडायचं.

आवाज दरवर्षी तसाच लागावा यासाठी त्याची एक रीत होती. बाईंचं रेकॉर्डिंग संपलं की सात नंबरची बटणं जिथे असतील तिथे तो रेश्माच्या नेलपॉलिशने ठिपका द्यायचा. दर वर्षी वेगळा रंग, आणि शेजारी बारीक अक्षरात साल. पुढच्या वर्षी बटणं त्या ठिपक्यावर आणायची, बाईंना गायला लावायचं, एका कानाने गेल्या वर्षीचं गाणं ऐकायचं आणि दुसऱ्या कानाने आत्ताचं. थोडा फरक वाटला तर बटण केसभर इकडे, केसभर तिकडे. दोन्ही सारखे झाले की नवा ठिपका. बाईंना, मंडळांना, यूट्यूबवाल्यांना सगळ्यांना एकच हवं असायचं, की आवाज गेल्या वर्षीसारखा पाहिजे. योगेश तो द्यायचा. यात काही चूक असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

यंदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, बाई यायच्या आदल्या दिवशी, लाईट आली गेली करता करता बोर्डाचा पॉवर सप्लाय जळाला. खोलीभर जळकट वास सुटला आणि योगेशच्या तोंडचं पाणी पळालं. माळीवाड्यातल्या बन्सीकाकांना फोन केला. रेडिओ व्हॉल्व्हवर चालायचे तेव्हापासून ते अशी यंत्रं दुरुस्त करत आले होते, आणि आता त्यांच्याशिवाय त्या बोर्डाचं झाकण उघडायची कुणाची छाती नव्हती. काका म्हणाले, परवा येतो. जयंती तोंडावर आलेली, बाईंनी तारीख दिलेली, आणि त्यांची तारीख बदलणं म्हणजे आपणहून शिव्या मागवून घेणं. योगेशने नाइलाजाने कपाटातली डबी काढली. नुसतं प्राथमिक रेकॉर्डिंग करून ठेवू, खरं गाणं बोर्ड सुरू झाल्यावर, असं त्याने स्वतःला समजावलं.

बाई आल्या. जय भीम झाला. नेहमीसारखं त्या फारसं बोलल्या नाहीत. गाण्याआधी त्या गळा राखून ठेवायच्या, गरम पाणी प्यायच्या आणि खुणेनेच काम भागवायच्या. काचेपलीकडे जाऊन त्यांनी हेडफोन चढवला. गाणं नवं होतं, त्यांनीच बांधलेलं. योगेशने डोळे मिटले, कारण पहिली ओळ तो डोळे मिटूनच ऐकायचा.

गिरवलं मी पहिलं अक्षर, भीमा तुझ्या नावाचं.

योगेशने डोळे उघडले. काचेपलीकडे जयमालाबाईच होत्या, त्यांचेच ओठ हलत होते, पण कानात येत होता तो आवाज त्याने जन्मात कधी ऐकला नव्हता. सुराच्या खालून वारा निसटत होता. वरच्या जागेवर आवाज दोन भागांत फाटत होता आणि त्या फटीतून काहीतरी खरवडल्यासारखं येत होतं. 'नावाचं' या शब्दावर तर सूर क्षणभर नव्हताच, नुसती हवा होती.  हा आवाज एखाद्या फार आजारी माणसाचा होता.

बाई मध्येच थांबल्या. त्यांनाही हेडफोनमध्ये तेच ऐकू गेलं होतं. त्यांनी हेडफोन काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी त्यांच्या अंगावर चिखल उडवला असावा.

"मशीन बिघडलंय तुझं," त्या म्हणाल्या.

योगेश लगेच हो म्हणाला. मशीनच, मावशी. बोर्ड बंद आहे ना, ही डबी भिकार आहे. परवा करू. बाईंनी मान हलवली, गरम पाण्याचा उरलेला घोट घेतला आणि रिक्षाने केडगावला परत गेल्या. त्या गेल्यावर योगेशने माईक बदलला, वायर बदलली, डबीसुद्धा शेजारच्या डीजेकडून दुसरी मागून आणली. स्वतः माईकसमोर उभा राहून गायला. तो काही गाणारा नव्हे, बेसूरच होता, पण आवाज स्वच्छ आला. मग रेश्माला वर बोलावून काहीही बोल म्हणाला. तिने वैतागून किराण्याची यादी म्हटली. साबुदाणा, शेंगदाणे, हिंग. प्रत्येक शब्द आरशासारखा लख्ख. योगेश खुर्चीत बसून राहिला. त्याला अजूनही वाटत होतं की मशीन बिघडलेलं निघावं. आयुष्यात पहिल्यांदा तो मनातल्या मनात विनवणी करत होता, की वायरीत काहीतरी दोष निघू दे.

दुसऱ्या दिवशी बन्सीकाका आले. सप्लाय बदलायला त्यांना तासभर लागला. बोर्डाचे दिवे लागले तेव्हा योगेशला एवढं बरं वाटलं की त्याने खालून भजी मागवली. काका हात पुसत बोर्डावर वाकले आणि त्यांचं लक्ष सात नंबरकडे गेलं.

"ह्ये रंगीत ठिपके कशाचे रं?"

योगेशने अभिमानाने आपली रीत सांगितली. काकांनी खिशातून भिंग काढलं. ते सगळं बारकाईने बघणारे. सर्किटही भिंगाने बघायचे आणि भजीसुद्धा. बराच वेळ ते ठिपके न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "पन मग ह्ये बटन दरसाल सरकतंय कशापायी? पैले चार-पाच ठिपके येका जागी हायेत. एकोनीसपासनं गेन वर चाललाय नि ट्रेबल खाली. बीपीच्या गोळीवानी दरसाल डोस वाढवत नेलाय जनू. कोन आजारी हाय का काय?"

काका चेष्टेने म्हणाले होते. भज्याचा तुकडा तोंडात टाकून ते हसलेसुद्धा. योगेशला मात्र हसू आलं नाही. त्याने काकांच्या हातातलं भिंग घेतलं आणि वाकून बघितलं. दोन हजार चौदा, लाल. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, सगळे एकमेकांवर चढलेले, जणू एकच ठिपका. एकोणीसचा गुलाबी ठिपका केसभर बाजूला. वीसचा त्याच्या पुढे. एकवीस, बावीस, तेवीस. गेल्या वर्षीचा जांभळा तर बटणाच्या पार टोकाला जाऊन बसला होता. त्यापुढे फिरवायला जागाच उरली नव्हती.  केसभर, केसभर करत आपण सहा वर्षं काय करत होतो ते त्या रंगांनी त्याच्यासमोर मांडून ठेवलं होतं. दर वर्षी बाईंचा आवाज थोडा फाटत होता, आणि दर वर्षी तो तेवढा भाग बोर्डाने शिवून टाकत होता. तो आत्ताचा आवाज गेल्या वर्षीच्या गाण्याशी जुळवून बघत होता, आणि गेल्या वर्षीचं गाणं आधीच शिवलेलं होतं. बाईंच्या खऱ्या गळ्याशी त्याने तो कधी जुळवून बघितलाच नव्हता.

भजी तशीच राहिली. काकांना सोडून आल्यावर तो स्कूटर काढून सरळ स्नेहलच्या शाळेत गेला. स्नेहल ही बाईंची मुलगी, तिथे मराठी शिकवायची. मधल्या सुट्टीत ती फाटकाशी आली तेव्हा त्याने इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमेना. शेवटी त्याने सरळ विचारलं, मावशींच्या गळ्याचं तुमच्या लक्षात आलंय का काही?

स्नेहलने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

"दादा, चार वर्षं झाली आम्ही तिला डॉक्टरकडे चल म्हणतोय," ती म्हणाली. "घरात बोलताना तिचा आवाज सारखा बसतो. म्हटलं की ती मोबाईल काढते आणि तुमच्याकडचं गाणं लावते. म्हणते, हा ऐक माझा गळा, याला काय झालंय? मग मी काय बोलणार? त्या गाण्यात खरंच काही झालेलं नसतं."

  इतकी वर्षं योगेश समजत होता की आपण बाईंना एक भेट देतोय. ती भेट त्या माऊलीने डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी जपली होती आणि पोरीच्या तोंडावर फेकली होती. त्याने स्नेहलला सगळं सांगून टाकलं, ठिपक्यांसकट.  शाळेची घंटा झाली तरी ती तिथेच उभी होती, आणि मग म्हणाली की हे आईला तुम्हीच सांगायचं. माझ्या तोंडून तिला पटणार नाही, ती अजून एक गाणं लावेल.

तो संध्याकाळी सांगणार होता. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणार होता. तेव्हा त्याने बोर्डावरची धूळ पुसली. त्याला भीती वाटत होती, आणि ती फक्त बाईंच्या गळ्याची नव्हती. उद्या लोक म्हणतील की बाईंचा आवाज बाईंचा नव्हताच, भिंगारदिवेच्या बोर्डाचा होता, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. ते मनात आलं याची त्याला नंतर फार लाज वाटली. दुपारी त्याने फोन केला आणि मावशी, बोर्ड नीट झाला, या म्हणाला.

बाई खुशीत आल्या. मशीन झालं का एकदाचं, असं त्यांनी दारातूनच विचारलं. आज स्नेहलही अर्धी रजा टाकून सोबत आली होती. याचं बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी काही विचारलं नाही. योगेशने माईकची वायर दोन ठिकाणी जोडली होती. एक फाटा नेहमीसारखा सात नंबरला, दुसरा त्या डबीत, मधे काहीही नाही. बाईंच्या हेडफोनमध्ये त्याने बोर्डाचा आवाज दिला. त्यांनी एकच ओळ गायली, तीच, पहिल्या अक्षराची, आणि गाऊन झाल्यावर स्वतःशीच मान डोलावली. आज गळा चांगला लागला होता, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

योगेशने त्यांना काचेच्या अलीकडे बोलावलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. अकरा वर्षांत त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. आधी बोर्डाची ओळ लावली. भरदार, गोल, कुठेही ओरखडा नाही. बाई हसल्या. मग त्याने दुसरी लावली.

खोलीत तो आवाज सुरू झाला आणि बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. स्नेहलने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ह्ये त्या दिवसाचं हाय. बिघडल्यालं," बाई म्हणाल्या.

नाही मावशी, योगेश म्हणाला. हे आत्ताचं आहे. तुम्ही एकदाच गायलात, माईक एकच होता. एक आवाज बोर्डातून आला आणि हा सरळ. मग त्याने थांबत थांबत सगळं सांगितलं. सात नंबर काय करतं ते सांगितलं, ठिपके दाखवले, एकोणीसपासून आपण काय करत आलो ते सांगितलं. मला कळत नव्हतं असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं, पण बोलताना ते त्याच्या स्वतःच्या कानालाच खोटं वाटलं. कारण त्याच्या हाताला कळत होतं. दर वर्षी हात बरोबर त्याच दिशेने फिरत होता.

बाईंनी ती सरळची ओळ पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली होती. त्या योगेशकडे नाही, बोर्डाकडे बघत होत्या.

"मंग अकरा वर्सं मी ऐकत हुते ती कोन?"

 तुम्हीच, असं योगेश कसाबसा म्हणाला. बाईंनी मान हलवली. "तुझ्या गान्यावरनं पोरीशी भांडले मी," त्या म्हणाल्या. "तिला म्हन्ले, तुझ्या कानात दोष हाय." एवढं बोलून त्या उठल्या, पदर सावरला आणि स्नेहलला म्हणाल्या की तुझ्या त्या डॉक्टरला फोन लाव. योगेशला वाटलं होतं की त्या ओरडतील, बोर्डावर हात आपटतील. त्या ओरडल्या असत्या तर त्याला फार बरं वाटलं असतं.

घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासलं, बराच वेळ पडद्यावर बघितलं आणि मग बाहेर थांबलेल्या स्नेहल आणि योगेशलाही आत बोलावून घेतलं. डाव्या स्वरपट्टीवर पांढरा चट्टा होता, आणि पट्टी नीट हलत नव्हती. मिश्री लावता का, असं त्यांनी विचारलं. बाई लाजून हो म्हणाल्या. चाळीस वर्षं लावतेय. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो वाईट निघण्याची शक्यता बरीच आहे हे त्यांनी लपवलं नाही. पट्टी काढायची वेळ आली तर जीव वाचेल, पण आवाज राहील असं त्या सांगू शकत नव्हत्या. गाणं तर नाहीच. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की स्नेहलला ते कळायला एक क्षण लागला, आणि मग तिने आईचा हात घट्ट धरला.

मग डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, आवाज कधीपासून बसलाय?

"दोन म्हैने," बाई म्हणाल्या.

"चार वर्षं," स्नेहल म्हणाली.

योगेशने खाली बघितलं.  "दोन हजार एकोणीसपासून," तो म्हणाला. "मार्च."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. इतकं नेमकं कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं असावं की हा मुलगा किंवा जावई.  सहा वर्षं, असं डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या आणि त्यांनी तो आकडा लिहिला. तेव्हाच आला असतात तर हा किरकोळ इलाज होता, असं त्या पुढे म्हणाल्या. त्यांनी ते कुणाला टोचायला म्हटलं नव्हतं. नेहमीचं वाक्य असावं. योगेशला मात्र खुर्चीच्या हाताला धरावं लागलं. शेवटी त्यांनी बजावलं की तपासणी होईपर्यंत अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि गाणं तर मनातसुद्धा नको.

तिघं बाहेर आले. दवाखान्यासमोर रिक्षांची गर्दी होती, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत होतं. स्नेहल औषधं आणायला शेजारच्या दुकानात गेली. बाई पायरीवर बसल्या. योगेश त्यांच्यासमोर उभा राहिला. माफी मागायची तर कोणत्या तोंडाने मागायची हे त्याला समजत नव्हतं. त्या आजपासून गप्प राहणार होत्या, म्हणजे शिव्यासुद्धा मिळणार नव्हत्या. कदाचित त्यांचा आवाज त्याला पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नव्हता, आणि शेवटचे ऐकले ते 'दोन म्हैने' हे दोन शब्द, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिथेच रडू फुटलं. भर रस्त्यात, बेचाळीस वर्षांचा बाप्या. रसवाल्याने घुंगरं थांबवून बघितलं.

बाईंनी पर्समधून मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला. मग बोटाने त्याच्या खिशाकडे खूण केली. त्याला कळेना. त्यांनी ओठ मिटून घेतले, इकडेतिकडे बघितलं, पोरगी अजून दुकानातच आहे याची खात्री करून घेतली आणि डॉक्टरीणबाईंचा हुकूम मोडला.

"ती वळ पाठव. सरळची. बोर्डाची नगं, बोर्डाची लई हाईत."

योगेशने पाठवली. बाईंनी मोबाईल कानाला लावला, फोनवर कुणाशी बोलत असल्यासारखा, आणि डोळे मिटले. रिक्षांचा गोंगाट चालूच होता. त्यांनी ती ओळ पूर्ण ऐकली, शेवटच्या हवेपर्यंत. मग परत ऐकली. योगेश त्यांचा चेहरा बघत होता आणि आता काय कोसळणार याची वाट बघत होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही आलं नाही. मोबाईल मांडीवर ठेवून त्यांनी त्याच्याकडे वर बघितलं, आणि त्यांना खरोखरच समजत नसल्यासारखं त्याला विचारलं.

"बरा हाय की रं. खरखरतोय, पन बरा हाय. येवढं झाकायसारखं काय हुतं यात?"

 बाई अजून काहीतरी बोलणार होत्या. पण तेवढ्यात स्नेहल औषधं घेऊन आली, आणि तिने आईच्या तोंडावर हात ठेवला.